उन्हाळ्यातले आठ आठवडे नोव्हेंबरातच ठरतात

एप्रिल उजाडला की बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांची विचारणा सुरू होते, सुट्टीत कुठे काही करायला मिळेल का? तोवर गाडी गेलेली असते. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडिया) या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात. तिचे अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात. दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम, दरमहा मानधन, येण्याजाण्याचं रेल्वेभाडं. आणि ही फेलोशिप शिक्षकांसाठीही आहे, ही गोष्ट कित्येक स्टाफरूमपर्यंत पोचलेलीच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अर्जाचा जीव अडीचशे शब्दांच्या राईट-अपमध्ये, म्हणजे काय काम करायचंय ते सांगणाऱ्या टिपणात असतो. मार्कलिस्ट चांगली असूनही मुलं इथे मागे पडतात, कारण अर्धी जागा "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे" यात जाते. तिथे प्रश्न हवा. उदाहरणार्थ : टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर टाकून मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं द्रावण उन्हात ठेवलं की रंग उतरतो. पण रंगाचं विघटन झालं की तो नुसता पावडरीला चिकटला? तशीच दुसरी बाटली अंधारात ठेवून फरक मोजायचा आहे. एवढ्या चार ओळींतून कळतं की या मुलाने प्रॅक्टिकल करताना डोकं वापरलंय. ज्यांच्याकडे काम करायचं मनात आहे, त्यांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर तरी चाळा. वेबसाइटवरचा परिचय बहुतेक वेळा जुना असतो.

शिफारसपत्राबद्दल सर-मॅडमना कळकळीची विनंती. "मेहनती, प्रामाणिक, नियमित" हे तीन शब्द प्रत्येक पत्रात असतात, त्यामुळे त्यांचं वजन शून्य. रीडिंग जुळेना तेव्हा या मुलीने काय केलं, ते लिहा. दोनच प्रसंग पुरे. आणि मुलांनो, पत्र शेवटच्या दिवशी मागू नका. पंधरा दिवस आधी राईट-अपची प्रत सरांच्या हातात द्या.

सगळ्यांना प्रयोगशाळाच हवी असं नाही. गणिताच्या मुलांसाठी प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेला एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा उन्हाळी कार्यक्रम आहे. चार आठवडे, आणि फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी मुलांकडूनच सिद्धता काढून घेणारे वर्ग. खगोलशास्त्राची ओढ असेल तर पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीआरए या खगोल संशोधन संस्था आहेत, त्यांच्या उन्हाळी कार्यक्रमांच्या जाहिराती हिवाळ्यापासूनच बघत राहा.

निवड झाली की खरी परीक्षा. पहिले दहा-बारा दिवस ओळखपत्र, वसतिगृह, लॅबचे सुरक्षानियम आणि सॉफ्टवेअर यांतच जातात. म्हणून निवड कळल्याच्या आठवड्यात गाईडना मेल करा : वाचायला दोन पेपर मागा, कोणतं सॉफ्टवेअर लागेल ते विचारा, आणि ते लोक जूनमध्ये परिषदेला बाहेरगावी जाणार असतील तर त्या काळात कोणाला विचारायचं तेही. पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि लाटेक्स (शास्त्रीय लिखाण मांडायचं सॉफ्टवेअर) घरूनच शिकून जा. पहिल्या दोन आठवड्यांत नवं काही शोधायला जाऊ नका, आधीच छापून आलेला एखादा निष्कर्ष तुमच्या हाताने तसाच काढून दाखवा. तो निघाला नाही तर चूक कुठे होते हे लवकर कळतं, सहाव्या आठवड्यात कळलं तर उपयोग नाही. सहावा आठवडा संपला की प्रयोगाची नवी रीडिंग घेणं बंद, लिखाण सुरू. अहवाल शेवटच्या तीन दिवसांत लिहिला की आलेखांच्या अक्षांवर एककंसुद्धा राहून जातात.

आता शिक्षकांचं. अडचण इच्छेची कमी, तारखांची जास्त. ५ मेला रुजू झालात तर आठ आठवडे ३० जूनला संपतात. मेमध्ये कॅप सेंटरवर (विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासणी केंद्रावर) पेपर तपासणी, जूनच्या मध्यावर नवं सत्र. त्यामुळे पदोन्नतीला लागणारा ऑनलाइन रिफ्रेशर कोर्स उरकून मंडळी मोकळी होतात. माझं स्पष्ट मत आहे की आठ आठवडे हाताने केलेलं काम त्याहून कितीतरी मोलाचं आहे आणि विद्यापीठांनी अशा शिक्षकांना तपासणीतून सूट द्यायला हवी. तोवर मार्ग एकच. अर्ज करतानाच, नोव्हेंबरात, प्राचार्यांना लेखी कळवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत ड्युटी लीव्ह वर्षाला ३० दिवसांपर्यंत मिळू शकते, ती परिषदांत संपवू नका, जूनच्या शेवटच्या पंधरवड्यासाठी राखा.

परतताना कॉलेजातल्या साधनांवर बसेल असा एक तरी प्रयोग घेऊन या. वर सांगितलेला मेथिलीन ब्लूचाच घ्या ना. त्याला महागडा स्पेक्ट्रोफोटोमीटर लागत नाही, द्रावणाच्या रंगाची तीव्रता मोजणाऱ्या साध्या कलरीमीटरवर ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल फिल्टर चालतो. फक्त पावडर पूर्ण खाली बसवून, शक्य तर सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून), वरचं नितळ द्रावणच घ्या. नाहीतर गढूळपणामुळे शोषणाचं रीडिंग वाढतं आणि मुलांना वाटतं, रंग उतरलाच नाही.