मला किनाऱ्यानेच जायचे आहे!

गाडीसाठी नेव्हिगेशनचे यंत्र घ्यायला गेले की विक्रेता पडद्याचे इंच आणि मोफत नकाशे यांचेच गुणगान करतो. मात्र घरी संगणकावर आखलेला मार्ग हे यंत्र जसाच्या तसा घेईल का, या प्रश्नावर त्याची दातखीळ बसते. श्रीवर्धनहून गुहागरला जाताना मला बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून वेश्वीला उतरायचे असते, केळशी-आंजर्ल्यावरून समुद्र धरून दाभोळ गाठायचे असते आणि तिथून पुन्हा बोटीनेच धोपावे. जीपीएक्स फाइलीत (म्हणजे संगणकावर आखलेला मार्ग यंत्रात न्यायच्या फाइलीत) हे सारे नीट बिंदू लावून दिले, तरी पुष्कळ यंत्रे तेवढे बिंदू पाळतात आणि मधला रस्ता स्वतःच्या मर्जीने काढतात. एखादे वळण चुकले की लगेच फेरआखणी सुरू आणि बाण थेट महामार्ग ६६ कडे! (जणू वेळ वाचवायलाच माणूस किनाऱ्याने निघतो.) काही यंत्रांत तर बाहेरची फाइल घेण्याची सोयच नसते आणि खोक्यावर त्याबद्दल चकार शब्द नसतो. फेरआखणी बंद करण्याची मुभा द्या आणि मी आखलेली रेघ आहे तशी दाखवा, एवढेच मागणे आहे. बाणाच्या जागी रंगीत मोटारीचे चित्र कोणी मागितले होते?