त्याला क्रिमिनल म्हणू नका

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘नवीन वॉचमन क्रिमिनल आहे, ताबडतोब काढा.’ खाली सतरा अंगठे! का, तर त्याने बोलता बोलता भोळेपणाने सांगितलं की कळव्याला रूळ ओलांडताना सापडलो होतो, कोर्टात दंड भरला.

१९९४ साली माझे बाबाही तिथेच सापडले होते. हातात डबा, सकाळची लोकल गाठायची घाई. रेल्वे कायद्याचं कलम १४७. रात्री घरी आले तेव्हा डब्यातली भाजी तशीच होती, आंबलेली. कुणाशी बोलले नाहीत. दंडाची पावती घडी करून कपाटात ठेवली.

मराठीत आपण सगळ्यांना ‘गुन्हेगार’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत निदान दोन शब्द आहेत. ऑफेंडर म्हणजे ज्याने अमुक एक गुन्हा केला तो. त्याची शिक्षा झाली, विषय संपला. क्रिमिनल मात्र माणसाच्या कपाळावर गोंदल्यासारखा राहतो. पहिल्या चुकीला समज देऊन सोडायची सोय ज्या १९५८च्या कायद्यात आहे, त्याच्या नावात ऑफेंडर्स आहे, क्रिमिनल्स नाही. आणि इंग्रजांनी १८७१मध्ये अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं, त्या कायद्याच्या नावात कोणता शब्द होता? क्रिमिनल! पाळण्यातलं पोरसुद्धा क्रिमिनल. १९५२मध्ये तो कायदा गेला, पण पारध्यांच्या पोराला चोर म्हणणारे आपल्या ठाण्यात आजही कमी नाहीत.

हो, नंतर ‘हॅबिच्युअल ऑफेंडर’, म्हणजे सराईत गुन्हेगार, म्हणत पुन्हा त्याच लोकांचा पिच्छा पुरवला गेला. म्हणजे तो शब्दही धुतल्या तांदळासारखा नाही, मान्य. आणि वॉचमनची चौकशी करावी, हेही मान्य. पण चौकशी करा ना! शिक्का कसला मारताय?

त्या सतरा जणांपैकी किती जण गाडीसाठी रुळांवरून धावलेत, मला ठाऊक आहे. त्यातले दोघे तर बाबांबरोबरच असायचे. ते सापडले नाहीत, एवढंच.

मघाशी दूध आणायला खाली गेले. तो गेटवर रजिस्टरच्या रेघा आखत बसला होता, पट्टी नाही म्हणून काडेपेटी धरून. मला बघून उठला. ‘ताई, उद्या येऊ ना ड्युटीला?’ पोटात तुटलं हो. बाबा त्या रात्री असेच दारात उभे होते, आत यावं की नाही अशा चेहऱ्याने.

ये म्हटलं.

पावती अजून कपाटात आहे. रविवारच्या मीटिंगला घेऊन येते.