फास्टच्या उलट नेहमीच स्लो नसतं

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पीडीएफ हमखास फिरते. ‘रोज २० शब्द समानार्थी-विरुद्धार्थींसह पाठ करा, ९० दिवसांत फाडफाड इंग्रजी!’ सोबत तीन मंत्र: प्रत्येक शब्दाला एक ठरलेला विरुद्धार्थी असतो, समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी चालतात आणि भारी शब्दाने छाप पडते. मी ठाण्यात नौपाड्याला इंग्रजीची शिकवणी घेते. हे मंत्र पाठ करून आलेली मुलं माझ्याकडेच येतात, म्हणून लिहितेय.

आधी विरुद्धार्थी. फास्ट-स्लो ही जोडी ठाणेकराला शिकवावी लागत नाही, फलाटावर उभं राहिलं की येते. पण साडीचा रंग फास्ट असेल तर? त्याच्या उलट स्लो नाही, तर पहिल्याच धुण्यात उतरणारा रंग. फास्ट अस्लीप म्हणजे गाढ झोपलेला, आणि एकादशीचा उपवास तोही फास्टच. लाइट घ्या: बॅग असेल तर उलट हेवी, रंग असेल तर डार्क. पीडीएफमध्ये मात्र प्रत्येकासमोर एकच रकाना. वर ‘इन लावलं की अर्थ उलटा’ अशी टीप आहेच. घोडबंदर रोडवरच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’, म्हणजे चटकन पेट घेणारं, असं लिहिलेलं असतं. ही टीप पाठ केलेल्या मुलाने त्याच्याजवळ काडी ओढू नये एवढीच प्रार्थना.

समानार्थींचं तर विचारूच नका. ‘ओल्ड’ला ‘एन्शंट’ सापडला म्हणून एकीने निबंधात आजीला एन्शंट, म्हणजे प्राचीन, करून टाकलं. आजीने तो वाचला असता तर शिकवणी बंद! मराठीत आपण अशी चूक करतो का? पाणी, जल, नीर एकच. पण ‘नळाला नीर आलं का गं?’ असं कोणी विचारत नाही. पाऊस मुसळधार, चहा कडक. इंग्रजीतही पाऊस हेवी आणि चहा स्ट्राँग; अदलाबदल केली की दोन्ही बिघडतात. पीटर मार्क रोजे या डॉक्टरने इंग्रजी समानार्थी शब्दांचा प्रसिद्ध कोश १८५२ मध्ये काढला, म्हणजे ठाण्याला पहिली आगगाडी आली त्याच्या आदल्या वर्षी. त्यात शब्द कल्पनांनुसार लावलेले होते: मनात अर्थ आहे, नेमका शब्द सापडत नाही, अशा माणसासाठी. शब्दच माहीत नसलेल्याने त्यातून पाठांतर करणं म्हणजे मेनूकार्ड वाचून स्वयंपाक शिकणं.

भारी शब्दांबद्दल. ‘स्टार्ट’ जुन्या इंग्रजीतला, ‘कमेन्स’ फ्रेंचमधून आलेला. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच ही दरबाराची आणि कोर्टाची भाषा झाली. असे शब्द अजून कोट-टाय घालूनच फिरतात. सभा कमेन्स होते. तीन हात नाक्यावर बंद पडलेली बाइक कमेन्स होत नाही; आपल्याकडे तरी ‘बाइकचा प्रारंभ होत नाहीये’ असं मेकॅनिकला कोण सांगतं?

राहिले ते ९० दिवस. हिशेबाने १,८०० शब्द. चार्ल्स ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञाने १९३० मध्ये रोजच्या व्यवहारासाठी बेतलेल्या सोप्या इंग्रजीत ८५० शब्द होते, त्यातली क्रियापदं अवघी १८. १,८०० पाठ करूनही माझ्याकडची मुलं रिक्षा थांबवण्यापुरतं वाक्य जुळवताना अडतात.

मी त्यांना पीडीएफ पुसायला सांगत नाही. रोज पाच शब्द घ्यायचे, प्रत्येकाशेजारी त्याचा सोबती, म्हणजे त्याच्याबरोबर नेहमी येणारा शब्द लिहायचा, आणि खाली आपल्याच घरातलं एक वाक्य. एन्शंटवालीच्या वहीत आता ‘एन्शंट’शेजारी ‘टेंपल’ आहे, आणि खाली अंबरनाथच्या शिवमंदिरावरचं वाक्य. आजी ओल्डच आहे.