'पाट्या वाचून लेख पाडला' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रांवरच्या माझ्या लेखावर आपण चार आक्षेप घेतलेत. पहिला मान्य. चित्रकार निकोला पुसाँनं 'चार ऋतू' ही मालिका १६६० ते १६६४ या काळात रंगवली. मी नुसतं १६६४ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

पण "पुसाँ जन्मभर रोमला राहिला, त्याला फ्रेंच म्हणणं म्हणजे संग्रहालयाच्या पाट्या वाचून लेख पाडणं" हे वाक्य दोन दिवस मनातून जाईना. मतभेद असू दे, पण 'लेख पाडणं' ही काय भाषा झाली? माझे वडील साताऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ब्रश धरायला मी त्यांच्याकडेच शिकलो. पुढं नोकरीमुळे सहा वर्षं पॅरिसला होतो, तेव्हा सुटीचे किती दिवस या दालनांत बसून काढलेत, ते माझं मला माहीत.

आणि 'जन्मभर' कसं? १५९४ साली नॉर्मंडीत जन्मलेला हा माणूस रोमला पोचला १६२४ मध्ये, तिशीत. १६४० ते १६४२ तो राजाच्या बोलावण्यावरून पॅरिसला होता. लूव्रमध्येच त्याचं १६५० सालचं आत्मचित्र आहे, पॅरिसच्या शाँतलू या स्नेह्यासाठी काढलेलं. त्यात त्याच्या मागं एक कोरा कॅनव्हास आहे, त्यावर लॅटिनमध्ये मजकूर आहे: आँदलीचा चित्रकार निकोला पुसाँ, वय ५६, रोम. आँदली हे त्याचं नॉर्मंडीतलं गाव. आपल्याकडे सातारकर, वाईकर लावतात ना, तसंच. रोमला पहिल्यांदा गेल्याला सव्वीस वर्षं झाली होती, तरी नावाला गाव जोडलं ते आँदलीच. हे भिंतीवरच्या पाटीवर नाही, चित्रात आहे. तुम्ही ते चित्र समोर उभं राहून पाहिलंय का?

'चार ऋतू'सुद्धा रिशल्यूचा ड्यूक या फ्रेंच सरदारासाठी रंगवले, आणि १६६५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या संग्रहात गेले. थरथरत्या हातानं, म्हातारपणी, तो फ्रान्ससाठी रंगवत होता. त्यातल्या 'हिवाळ्या'तला तो महापूर पाहताना मला आजही भरून येतं.

ल तूर या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराला मी डोक्यावर घेतलं, म्हणता. घेतलंय. त्याच्या चित्रातल्या, मेणबत्तीच्या उजेडातल्या सुतार जोसेफसमोर तुम्हाला थांबावंसं वाटलं नसेल, तर तो वाद इथं मिटणार नाही. लेखातले फोटो अंधारे आहेत, म्हणता; ते तसे आहेत कारण लूव्रमध्ये फ्लॅशला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

साल बदललंय. बाकी लेखातला एक शब्दही बदलणार नाही.