फुकट कसलं, कोणीतरी वेरा भरतोय

मावसबहिणीचा मुलगा न्यू जर्सीत असतो, त्याच्या लायब्ररी कार्डाचा नंबर नि पिन टाकून इथे बडोद्यात आमचं अर्धं घराणं लिबी या लायब्ररीची ईबुकं देणाऱ्या ॲपवर ईबुकं वाचतंय आणि फॅमिली ग्रुपवर कौतुक काय, तर 'सगळं फुकट'! अहो फुकट कसलं? तिकडे बऱ्याच ठिकाणी पब्लिक लायब्ररी गावच्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालते, म्हणजे आपला घरवेराच की.

यावर आमचे एक काका म्हणतात, ईबुक काय झिजतं का? तर हो काका, झिजतं! बहुतेक पब्लिशर लायब्ररीला ईबुक विकतच नाहीत, ठराविक वापराचं लायसन्स देतात. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये नियम काढला की २६ वेळा वाचायला दिलं की लायसन्स संपलं, पुन्हा पैसे भरा. काहींची दोन वर्षांची मुदत असते, आणि किंमत बऱ्याचदा आपण विकत घेतो त्याच्या कितीतरी पट. शिवाय बहुतेक पुस्तकांना एका कॉपीवर एका वेळी एकच वाचक. म्हणजे तुम्ही इथे झोपाळ्यावर बसून थ्रिलर चाळून अर्धा सोडून दिलात तरी त्या २६ मधला एक गेला, आणि तिकडे वेरा भरणारी म्हातारी होल्डच्या, म्हणजे पुस्तकासाठी नंबर लावलेल्यांच्या, रांगेत.

बाहेरच्याला देऊच नये असं मी म्हणत नाही हां. अमेरिकेतल्या काही लायब्रऱ्या वार्षिक फी घेऊन हद्दीबाहेरच्यांना रीतसर कार्ड देतात. ब्रुकलिनच्या लायब्ररीने तर २०२२ मध्ये देशभरातल्या १३ ते २१ वयाच्या मुलांना फुकट ई-कार्ड दिलं, कारण ठिकठिकाणी शाळांतून पुस्तकं काढून टाकत होते. पण ते त्यांनी ठरवून दिलं ना, आपण पिन फिरवून घेतलं नाही.

आणि हे बडोदेकरांना मी सांगायचं? सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डनसाहेब नावाच्या ग्रंथपालाला आणून लायब्रऱ्या उभ्या केल्या, पेट्या भरभरून पुस्तकं खेड्यांत धाडली, तरी गावच्या लायब्ररीला पैसे देताना हिशोब चोख, एक हिस्सा गावकऱ्यांनी जमवायचा, मग एक पंचायतीचा, एक सरकारचा. महाराजांकडे काय कमी होतं? पण वर्गणी भरलेला माणूस हक्काने पुस्तक मागतो नि दुसऱ्याचंही जपतो.

बाकी त्या भाच्याची अवस्था बघा, स्वतःला एक पुस्तक हवं होतं तर होल्डची लिमिट आपल्याच मंडळींनी भरून ठेवलेली, आणि बिचारा संकोचाने बोलत नाही. तेव्हा काका, मावशी, सगळे आधी लॉगआउट करा. वाचायला मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहे, मराठी पुस्तकंही आहेत, आणि तिथला वेरा आपणच भरतो.