कुरडयांचे गहू आणि आमचे चार नगरसेवक

आईनं यंदा कुरडयांचे गहू दोनदा भिजत घातले. पहिले आंबले ते आमच्या प्रभागातल्या चार नगरसेवकांमुळे, असं माझं म्हणणं आहे. आईला ते मान्य नाही. तिच्या मते चूक माझी, मी पंचांग नीट पाहिलं नाही. पंचांग म्हणजे फ्रिजवर चिकटवलेलं कॅलेंडरचं पान. त्यावर नळाच्या दिवसांना निळ्या पेनानं गोल केलेले असतात.

शहराचं नाव लिहीत नाही. लिहिलं की खाली दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या नेत्यांचे जुने फोटो टाकत बसतात आणि पाणी राहतं बाजूला. उन्हाळ्यात पारा 43-44 ला जातो आणि नळ सहाव्या दिवशी येतो, एवढी ओळख पुरे. महाराष्ट्रात अशी शहरं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत.

ज्यांच्या घरी कुरडया पाकिटातून येतात त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचे, चीक पिळून गाळून घ्यायचा, रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर सोऱ्यानं घालायच्या. या सगळ्याला पाणी लागतं, आणि शेवटी पातेली, पाटा, चाळण, फडकी धुवायला तर चिकार लागतं. म्हणून आई उलटी मोजणी करते. बुधवारी नळ, म्हणजे रविवारी रात्री गहू पाण्यात.

बुधवारी नळ आला नाही. गुरुवारीही नाही. ड्रम तळाला गेला होता, टँकर आमच्या गल्लीत वळत नाही. मी म्हटलं, जार मागवू. जार 30 रुपयांना, पाणी 20 लिटर. आई म्हणाली, "कुरडईपेक्षा पाणी महाग पडायला लागलं तर खायची तरी कशाला?" तोपर्यंत पातेल्यावर फेस आला होता आणि मधल्या खोलीपर्यंत आंबूस वास.

मग मी फोन लावले.

पहिले, 'अ' जागेवरचे. फोन पुतण्यानं उचलला. भाऊ लग्नात आहेत. कुणाच्या, ते त्यालाही सांगता आलं नाही. मे महिन्यात एका दिवसात सहा लग्नं असतात. 'ब' जागा महिलांसाठी राखीव. त्यांच्या नंबरवर त्यांचे यजमान बोलतात, आणि तेही असं की जणू निवडून तेच आलेत. "मॅडम आहेत, पण काम मला सांगा." सांगितलं. "पाण्याचं 'क' बघतात, आमच्याकडे लाईट आणि नाल्या." 'क' म्हणाले, आम्ही चौघांनी गल्ल्या वाटून घेतल्यात, मारुती मंदिराच्या अलीकडचं माझ्याकडे, पलीकडचं 'ड' कडे. आम्ही पलीकडचे. 'ड' चा फोन लागेना.

आई शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "त्या चौथ्या बटणालाच लाव परत."

हे चौथं बटण म्हणजे 15 जानेवारीच्या महापालिका निवडणुकीचा किस्सा. मतदानाला तिला घेऊन गेलो होतो. तिनं आपली तीन बटणं दाबली आणि पिशवी उचलून निघाली. मागून मतदान अधिकारी, "आजी, आजी, अजून एक राहिलं!" चारही जागांची बटणं दाबल्याशिवाय यंत्राचा शेवटचा बीप वाजत नाही. नोटा दाबा, पण दाबावं लागतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तो चौथा कोण होता रे?" मलाही सांगता आलं नाही. चार महिन्यांनी कळलं, तो आमच्या गल्लीचा होता.

आता माझं म्हणणं. पाणी नसणं आणि पाणी न पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरणच आटलं होतं, तिथं नगरसेवक एक असता काय आणि दहा असते काय. आमच्या धरणात यंदा पाणी आहे, पेपरात टक्केवारी रोज येते. ते जलशुद्धीकरणापर्यंत येतं, टाकीपर्यंत येतं. अडकतं ते टाकी आणि माझा नळ यांच्यामध्ये. तिथं जुनी पाइपलाइन आहे, गळके व्हॉल्व्ह आहेत, रात्री पंपाची लाईट जाते, आणि नळ आला की घराघरांतून टिल्लू मोटारी घरघरायला लागतात. पुढची चार घरं मोटारीनं ओढून घेतात आणि शेवटच्या घरी हवा येते. (आमच्याकडेही टिल्लू आहे. खोटं कशाला बोलू.) हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. पण त्यासाठी कुणीतरी एकजण जबाबदार असायला लागतो. आणि तोच आमच्याकडे नाही, कारण चौघे आहेत.

ही चारची भानगड एका पक्षाची नाही, म्हणून तर जास्त चीड येते. 2007 ला महापालिकांत एका वॉर्डाला एक नगरसेवक होता. 2012 ला दोनचा प्रभाग. 2017 ला चारचा. 2019 च्या अखेरीस नवं सरकार आलं, त्यांनी एकचा केला. त्याच सरकारनं 2021 ला तीनचा केला. 2022 ला सरकार बदललं, पुन्हा चार. प्रत्येक वेळी कारण विकासाचं दिलं गेलं आणि प्रत्येक वेळी गणित जागांचं होतं. एक वजनदार उमेदवार पुढं ठेवायचा, त्याच्या मागं पॅनलमध्ये तिघांना ओढून न्यायचं. अपक्षाला एवढा मोठा प्रभाग पायी फिरायलाच महिना लागतो, खर्चाचं तर सोडाच. आणि मुंबईत मात्र 227 वॉर्ड, 227 नगरसेवक, एकास एक. मुंबईकराला एक माणूस धरून विचारता येतं, आम्हाला नाही. यामागचं कारण मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दुसरी बाजू मी ऐकलेली आहे. आमचे एक निवृत्त मास्तर रोज सकाळी चहाच्या टपरीवर ती मांडतात. एकाचा वॉर्ड असला की नगरसेवक आपल्या तीन गल्ल्यांचा राजा होतो, विरोधात मत दिलेल्या आळीचा दिवा वर्षभर लागत नाही. खरं आहे. आमच्या जुन्या नगरसेवकांनी स्वतःच्या घरासमोर दोनदा सिमेंट रस्ता केला होता आणि आमच्या बोळात एकदाही नाही. पण त्यांच्या ओट्यावर जाऊन माझ्या काकूनं रिकामी घागर आपटली होती. तिसऱ्या दिवशी प्लंबर आला. आज ती घागर कुणाच्या ओट्यावर आपटायची?

आणि मधली जवळपास चार वर्षं तर ओटाच नव्हता. 2022 साली महापालिकेची मुदत संपली, आरक्षणाचं प्रकरण कोर्टात, प्रभागरचना कोर्टात, शहर प्रशासकाच्या हातात. राज्यघटना म्हणते की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. हे सांगणारी 74 वी दुरुस्ती 1993 पासून लागू आहे. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, तरी आम्ही रांगेत उभे राहिलो ते पुढच्या जानेवारीत. त्या काळात तक्रार मोबाइलवर टाकायची आणि दोन दिवसांनी 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा निरोप यायचा. नळ कोरडा, तक्रार निकाली.

म्हणून निवडणूक झाली तेव्हा मी मनापासून खूश होतो. गुढीपाडव्याला चौकात पाणपोई सुरू झाली तेव्हाही. चौघांचे फोटो असलेला बॅनर, त्यावर त्यांच्या नेत्यांचे फोटो, त्यावर त्यांच्या नेत्यांचे. खाली दोन रांजण. रांजण चौथ्या दिवशी कोरडे पडले. बॅनर अजून आहे, आता त्याच्या सावलीत उसाचा रस विकणारा बसतो. पाणपोईपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

त्याच चौकात एक सरकारी फलक आहे. डेंग्यू टाळा, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा. आम्ही तसे कायद्याला धरून चालणारे लोक. आठवड्यातून पाच-सहा पाळतो. पण सहा दिवसांचं पाणी साठवायचं तर ड्रम, पिंप, बादल्या, जुना कुकर, सगळं भरून ठेवावं लागतं, आणि डास त्यातच होतात. ते भरून ठेवायला लावणारे आणि फलक लावणारे एकाच इमारतीत बसतात. एक जिना चढून उतरायचा अवकाश आहे.

तर गुरुवारी रात्री शेवटी मी व्हॉल्व्हवाल्याला फोन केला. हा पोरगा ठेकेदाराकडे कामाला आहे, कायम नाही. लोखंडी लांब चावी सायकलच्या दांड्याला बांधून फिरतो. त्यानं पहिल्या रिंगला उचलला. "टाकीच भरली नाही दादा. काल रात्री पंपावर लाईट नव्हती. आज भरली तर दोनच्या पुढं सोडतो, जागे राहा." लग्न नाही, मॅडम नाही, अलीकडचं-पलीकडचं नाही. अर्ध्या मिनिटात मला माझ्या नळाची सगळी हकिकत कळली.

दोन चाळीसला कोपऱ्यावर चावी फिरल्याचा आवाज आला. मग नळातून आधी ती खोकल्यासारखी हवा, मग गढूळ, मग पाणी. गल्लीतल्या सगळ्या बायका जाग्या होत्या. पोरगा पारावर बसला होता, आईनं त्याला चहा नेऊन दिला. त्यानं विचारलं, "काकू, एवढा वास कसला?" आईनं गव्हाचं सांगितलं. तो म्हणाला, मला आधी विचारत जा ना, कॅलेंडर कशाला बघता.

त्याचा नंबर मी मोबाइलमध्ये 'प्रभाग - ई' म्हणून ठेवला आहे.

आंबलेले गहू मागच्या गोठ्यातल्या म्हशीला गेले. 'ड' साहेबांचा शुक्रवारी दुपारी फोन आला, मिस्ड कॉल दिसला म्हणाले. पाणी आलं का? आलं. मग उत्तम, काही लागलं तर सांगा. त्याच संध्याकाळी प्रभागाच्या ग्रुपवर पोस्ट आली, 'आमच्या पाठपुराव्याला यश, पाणीपुरवठा सुरळीत'. चारही जणांनी वेगवेगळी टाकली, फोटो मात्र एकच, तोही मागच्या वर्षीच्या कुठल्या तरी नळाचा. गल्लीतल्या एकोणीस जणांनी हात जोडले. त्यात मीही होतो, शेवटी रस्त्याचं काम बाकी आहे.

आज मंगळवार. गहू दुसऱ्या पाण्यात आहेत. 'ई' ला सकाळी विचारून घेतलं, गुरुवारी पहाटे नक्की म्हणाला, लाईट राहिली तर. शुक्रवारी सकाळी सोऱ्या फिरवायला मी रजा टाकली आहे.