ट्राइब सार्वभौम, म्हणून क्लिनिकला नियम नाहीत?

अमेरिकेतल्या मराठी डॉक्टर-नर्सेसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मूलनिवासी ट्राइबच्या क्लिनिकमधली नोकरी किती झकास, हे सांगणारा. ट्राइब सार्वभौम, म्हणून राज्याचं लायसन्स नको, हिपा (रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा) लागू नाही, बॅकग्राउंड चेकची कटकट नाही, खटला झालाच तर सरकार लढतं. कंप्लायन्स, म्हणजे कायदे-नियम पाळले जातात ना हे बघणारी व्यवस्था, त्यासाठी नेटवरून टेम्प्लेट उतरवून नाव बदलायचं, त्यावर घातलेला डॉलर म्हणजे पेशंटच्या तोंडचा घास. माझी भाची अशाच एका क्लिनिकमध्ये कंप्लायन्सची घडी बसवतेय. तिथल्याच एका मराठी डॉक्टरांनी हे तिला पाठवलं, वर ‘कशाला एवढी राबतेस?’ असंही विचारलं. म्हणून हे उत्तर.

लायसन्सचं अर्धं खरं आहे, ते आधीच मान्य करून टाकते. ट्राइबच्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्या डॉक्टरकडे कुठल्याही एका राज्याचं लायसन्स असलं की पुरतं, त्याच राज्याचं लागत नाही. क्लिनिकनेही दर्जाच्या अटी पाळल्या की राज्याचा परवाना भिंतीवर नसला तरी मेडिकेडचे (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे अडत नाहीत. शिवाय स्वशासनाचा, म्हणजे आरोग्यसेवा स्वतः चालवण्याचा, करार केलेल्या ट्राइबवर इंडियन हेल्थ सर्व्हिसची (मूलनिवासींच्या आरोग्यसेवेच्या केंद्रीय संस्थेची) परिपत्रकं आपोआप लागू होत नाहीत. पण परिपत्रक वेगळं आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेला कायदा वेगळा. क्लिनिकच्या परवान्याची ही सूट जिथून येते ते संघीय कायद्याच्या शीर्षक २५ मधलं कलम १६४७-ए मेसेजवाल्याने जरा पुढे वाचायचं होतं. त्याच कलमाचा पुढचा भाग म्हणतो, संघीय आरोग्य योजनांतून वगळलेल्या किंवा लायसन्स निलंबित झालेल्या व्यक्तीने दिलेल्या सेवेचे पैसे मिळणार नाहीत. वगळलेल्यांची यादी आरोग्य खात्याचा महानिरीक्षक दर महिन्याला फुकट प्रसिद्ध करतो. म्हणजे भरतीच्या वेळी आणि नंतरही दर महिन्याला प्रत्येक नाव त्यात घालून बघायचं. भाची राबते ती यासाठी.

‘बॅकग्राउंड चेकची कटकट नाही’ हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. १९९० चा कायदा आहे: १९७५ च्या स्वनिर्णय कायद्याखाली (ट्राइबला सरकारी सेवा स्वतः चालवू देणारा कायदा) निधी घेणाऱ्या ट्राइबने, मूलनिवासी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक पदावरच्या माणसाची चौकशी करायलाच हवी. हिंसेचे, लैंगिक अत्याचाराचे गुन्हे निघाले तर त्याला त्या पदावर घेता येत नाही. याला कटकट म्हणणाऱ्याने स्टॅन्ली वेबर हे नाव शोधावं. इंडियन हेल्थ सर्व्हिसचा बालरोगतज्ज्ञ. मोंटानात ब्लॅकफीट ट्राइबच्या रिझर्वेशनवर (राखीव प्रदेशात) ब्राउनिंगला होता, तिथे सहकाऱ्यांना संशय आला, तर त्याची बदली साउथ डकोटात पाइन रिजला. तिथे तो आणखी दीड दशकाहून जास्त मुलं तपासत राहिला. २०१८ मध्ये मोंटानात आणि २०१९ मध्ये साउथ डकोटात मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी दोषी ठरला, २०२० मध्ये पाच जन्मठेपा झाल्या. ही रुग्णालयं तर थेट केंद्र सरकारची, नियमांच्या फायलींना तिथे काय तोटा! आणि नुसत्या चेकने तो सापडला नसता हेही खरं, कारण नोंदलेला गुन्हाच नव्हता. अडलं ते तक्रारीची दखल घेण्यात.

टेम्प्लेट इथेच तोंडावर आपटतं. त्यात तक्रारीच्या हॉटलाइनचा नंबर लिहायला एक रिकामी जागा असते, बस. लहान समाजात हॉटलाइन उचलणारी बाई तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याची चुलतबहीण निघू शकते. तेव्हा फोन बाहेरच्या कुणीतरी घ्यायचा, नात्यातल्या माणसाने चौकशीतून उठून जायचं, आणि तक्रारदारावर सूड उगवला तर काय होईल हे ट्राइबच्या कौन्सिलने ठराव करून आधीच सांगायचं. सार्वभौमत्व वापरायचंच असेल तर इथे वापरा ना! महानिरीक्षकाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात कंप्लायन्स अधिकारी कायदा किंवा वित्त विभागाच्या हाताखाली नसावा, त्याला थेट बोर्डाकडे जाता यावं, असं सांगितलंय. ते बंधनकारक नाही, पण शहाणपणाचं आहे.

हिपाबद्दल काय बोलायचं? बिलं इलेक्ट्रॉनिक पाठवता ना, मग लागू. सरकार खटला लढतं ते करारातलं काम करताना झालेल्या हलगर्जीपणासाठी. खोट्या बिलाला ते कवच नाही.

राहिला पेशंटच्या तोंडचा घास. करारासोबत ट्राइबला ‘कॉन्ट्रॅक्ट सपोर्ट कॉस्ट’ (करार चालवण्याच्या वरखर्चाची रक्कम) मिळते, आणि तिच्या व्याख्येतच कराराच्या अटी पाळल्या जाव्यात आणि कारभार नीट चालावा यासाठी लागणारा खर्च येतो. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेडमधून आलेलं उत्पन्न त्याच कार्यक्रमांवर खर्च केलं, तर त्यावरचा हा वरखर्चही इंडियन हेल्थ सर्व्हिसने द्यायचा, असा निकाल सॅन कार्लोस अपाची आणि नॉर्दर्न अरापाहो ट्राइब्जनी जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून ५ विरुद्ध ४ मतांनी मिळवला. लहान क्लिनिकची ओढाताण होते, हे मला दिसतं. पण भाचीच्या पगाराचा घास मोजण्याआधी, हा दावा आपल्या क्लिनिकने लावलाय का, एवढं डॉक्टरांनी वित्त विभागाला विचारावं.